जुन्या ट्रॅक्टरच्या क्लचची तपासणी व जुळवणी

भारी जमिनीत नांगर चालू असता इंजिनाचा वेग वाढतो, परंतु ट्रॅक्टर मात्र ओढ घेत नाही व जळकट वास येतो, असा अनुभव आल्यास शेतकरी बंधूंनी इंजिनास दोष देण्यापूर्वी क्लच पाहावा. ही क्लच घसरल्याची खूण होय. वाफशाच्या मोजक्या दिवसांत असा ट्रॅक्टर तसाच ताणत राहिल्यास क्लचप्लेट जळते, आणि ती बदलण्यासाठी इंजिन व गिअरपेटी एकमेकांपासून अलग करावी लागतात. तेवढ्यात पेरणी हुकते.

प्लेटचे अस्तर झिजते तसतशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिची बोटे व रिलीज बेअरिंग यांमधील अंतर कमी होते. पेडलची मोकळी चाल ती हीच. ती संपली की पेडलवर पाय नसतानाही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. चालताना पेडलवर पाय टेकवून ठेवण्याच्या सवयीनेही नेमके हेच घडते. कोरड्या क्लचच्या पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत ही चाल २० ते २५ मिलिमीटर असते; तथापि आपल्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

जुळवणीपूर्वी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिन बंद करावे व चाकांना दगड लावावेत. पेडल हाताने दाबून, जोर लागू लागेपर्यंतची चाल पट्टीने मोजावी. नंतर जोडदांड्याचा लॉकनट सैल करावा, पिन काढावी आणि टोकाची कडी एकेक फेरा फिरवून दर वेळी चाल पुन्हा मोजावी. दांडा आखूड केल्याने चाल वाढेल की घटेल, हे रचनेवर अवलंबून असल्याने अंदाजावर विसंबू नये. शेवटी लॉकनट आवळून कॉटरपिन नवी घालावी. जुनी वाचविण्यात कसली काटकसर! पीटीओसाठी दुहेरी क्लच असल्यास त्याची आतील जुळवणी कारागिरावर सोपवावी.

उलटपक्षी चाल फार वाढली, तर क्लच पुरता सुटत नाही व गिअर घालताना खरखर होते. पावसाळाभर उभ्या ट्रॅक्टराची प्लेट गंजून चिकटल्यासही हेच लक्षण दिसते. तेथे जुळवणीचा उपयोग नाही. म्हणून ट्रॅक्टर दीर्घकाळ उभा ठेवताना पेडल पूर्ण दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवून ठेवावे.

चाल बरोबर असूनही घसरण थांबत नसेल, तर सीलमधून गळालेले तेल अस्तरावर आले असेल, स्प्रिंगा ढिल्या पडल्या असतील, किंवा अस्तरच संपले असेल. यासाठी क्लच उघडणे भाग आहे. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असल्याने ती फुंकून वा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्यानेच पुसावी.