रिटर्नच्या गर्दीआधी एवढं करून घे

अगं, स्वतःचं ऑफिस थाटलंस, हाताखाली दोन मुली घेतल्यास, खूप बरं वाटलं. पण तुझ्या त्या कॉम्प्युटरमध्ये काय काय आहे, याचा एकदा शांतपणे विचार कर. निम्म्या बाजारपेठेचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, जीएसटीचे पासवर्ड. लोकांनी तुझ्या भरवशावर दिलेत ते.

रिटर्नच्या दिवसांत काय होतं ते तुला ठाऊकच आहे. क्लायंट संध्याकाळी सातला स्टेटमेंटची पीडीएफ पाठवतो. मुलीला ती एक्सेलमध्ये हवी असते. ती ‘फ्री कन्व्हर्टर’ शोधते, वर दिसेल ती पहिली जाहिरात दाबते आणि फाइल चढवून मोकळी होते. पुष्कळदा फाइल खरंच बदलून मिळते, म्हणून संशयही येत नाही. पण तिच्यासोबत व्हायरस आत शिरलेला असू शकतो. मार्च २०२५ मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयानं नेमक्या अशा बनावट कन्व्हर्टरबद्दल लोकांना सावध केलं होतं. घरी जायची घाई असताना कुणीही हेच करेल गं, त्या पोरींना बोल लावू नकोस.

त्यापेक्षा वेब फिल्टर लाव. साइट उघडण्याआधी कॉम्प्युटर तिच्या नावावरून तिचा नंबर विचारून घेतो. राउटरच्या डीएनएस सेटिंगमध्ये क्वाडनाइन या सेवेचा ९.९.९.९ हा पत्ता घातलास, की तो तिथे विचारतो, आणि नाव घातक साइटच्या यादीत असेल तर उत्तरच येत नाही. पान उघडत नाही, विषय संपला. याला पैसे पडत नाहीत. फक्त दुसऱ्या रकान्यात इंटरनेटवाल्याचा जुना पत्ता ठेवू नकोस. नाहीतर कॉम्प्युटर तिकडे विचारून मोकळा होतो. तिथे क्वाडनाइनचाच १४९.११२.११२.११२ टाक. क्रोममधलं ‘सिक्युअर डीएनएस’ही तपास, ते वेगळ्याच ठिकाणी विचारत असेल तर राउटरवरची मेहनत वाया.

आणि फिल्टर लावतेयस हे मुलींना आधी सांग, मनापासून सांगते. कोण काय बघतं हे हुडकायला फिल्टर वापरलास, तर त्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावतील आणि फिल्टर नुसता नावाला उरेल. कामाची साइट अडली तर कुणाला विचारायचं, तेही ठरवून दे. विचारायला आल्या की वैतागू नकोस. पीडीएफ बदलायला एक खात्रीचं सॉफ्टवेअर तूच घेऊन दे.

फिल्टर असला तरी कालच तयार झालेली फसवी साइट त्याच्या यादीत नसेलही. फोनवर ओटीपी मागणाऱ्याला तर कुठलाच फिल्टर अडवत नाही. बँकेची साइट उघडताना पत्त्याच्या शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे का, ते बघायची सवय लावा. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं होतं. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, तत्काळ सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावा आणि बँकेलाही कळवा.

राउटरचा पासवर्ड अजून ‘अॅडमिन’च असेल ना? तो आजच बदल.