थंड हवा आणि बिनगोड पांढरी वाइन

चिखलदऱ्याची हवा थंड आहे, तेथे कॉफीही होते. मग वाइनची द्राक्षे मेळघाटात का होऊ नयेत, असा प्रश्न सेमाडोह परिसरातील होतकरू शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र द्राक्षाचा मांडव उभारण्यास मोठे भांडवल लागते व वेल पिकाला येईपर्यंत दोन-तीन वर्षे जातात. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयाचे मर्म आधी समजून घ्यावे.

बिनगोड वाइन म्हणजे काय?

द्राक्षरसातील साखरेवर यीस्ट हे सूक्ष्म जीव वाढतात व तिचे मद्यार्क आणि कर्बवायू यांत रूपांतर करतात. एक लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून शेकडा १ या प्रमाणात मद्यार्क तयार होतो. म्हणजे लिटरला २०० ग्रॅम साखर असल्यास शेकडा १२ च्या जवळपास मद्यार्क मिळतो. जवळजवळ सर्व साखर संपली की वाइन बिनगोड होते. मोहाची फुले आंबविताना हीच क्रिया घडते. परंतु तेथे पुढे भट्टी लावून दारू गाळतात, तशी वाइन गाळावी लागत नाही. पांढऱ्या वाइनसाठी फळे दाबून रस सालींपासून लगेच वेगळा करतात व साधारणतः १२ ते १८ अंश सेल्सिअस तापमानात आंबवितात, म्हणजे सुवास टिकतो.

थंडीचे कार्य

गोडी निघून गेल्यावर अशा वाइनची चव मुख्यतः आंबटपणावर उभी राहते. फळात टार्टारिक व मॅलिक ही दोन प्रमुख आम्ले असतात. उष्ण हवेत पिकणाऱ्या फळातील मॅलिक आम्ल श्वसनक्रियेत लवकर खर्ची पडते. साखर वाढते, पण रस मिळमिळीत होतो. थंड रात्री हे आम्ल राखतात. जर्मनीतील मोझेल नदीचे उतार किंवा न्यूझीलंडमधील मार्लबरो यांची ख्याती याच कारणाने आहे.

महाराष्ट्र त्या देशांइतका थंड नाही. आपल्या बागाईतदारांनी थंडी साधली ती छाटणीच्या वेळापत्रकाने. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी केली की फळ हिवाळ्यात पोसते आणि जानेवारी ते मार्च या काळात तोडणीस येते. नाशिकच्या सुला या कारखान्याने सन २००० मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या वाइन सोव्हिन्यों ब्लां व शेनिन ब्लां या पांढऱ्या जातींच्या होत्या. पुढे सन २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले.

सेमाडोहचा विचार

हिवाळ्यातील थंड रात्री ही येथील जमेची बाजू आहे. परंतु येथे पावसाळा जोराचा असतो. फळछाटणीनंतर पाऊस रेंगाळल्यास कोवळ्या फुटीवर केवडा व करपा हे रोग पडतात. पाणी धरून ठेवणारी जमीन वेलीस मानवत नाही. निचऱ्याची मुरमाड जमीन चालते. मेळघाट सन १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प असल्याने अस्वल व रानडुक्कर यांचा उपद्रवही हिशेबात धरावा.

सर्वांत मोठी अडचण विक्रीची आहे. वाइनची फळे लहान व बियांची असतात; खाण्याच्या द्राक्षांप्रमाणे त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही. तोडल्यावर ती लवकरात लवकर दाबावी लागतात, आणि नाशिक येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. अनुज्ञप्तीशिवाय वाइन तयार करून विकणे हा गुन्हा आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

१. नोव्हेंबर ते मार्च रोजचे कमाल व किमान तापमान आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील पाऊस यांची निदान दोन वर्षे नोंद ठेवावी.

२. मातीची तपासणी करून घ्यावी व निचरा पाहावा.

३. पुणे येथील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घेऊन प्रथम थोड्याच वेलींवर प्रयोग करावा.

४. फळ पिकताना साखर व आम्ल ही दोन्ही मोजावीत. केवळ गोडीवर समाधान मानू नये.

५. खरेदीदाराशी लेखी करार झाल्याखेरीज कोणाही शेतकऱ्यास कर्ज काढून बाग लावण्याचा सल्ला देऊ नये.

हवा अनुकूल असणे ही पहिली पायरी होय. रोगनियंत्रण, वाहतूक व खात्रीचे गिऱ्हाईक या पुढील पायऱ्या जुळल्या, तरच वेलीवर केलेला खर्च शेतकऱ्याच्या घरी परत येईल.