ध्येयाचा शोध

"मोठेपणी तू कोण होणार?" हा प्रश्न प्रत्येक मुलाला कधी ना कधी विचारला जातो. कोणी चटकन उत्तर देतो, तर कोणी गोंधळून गप्प राहतो. गप्प राहणाऱ्याने खंत करण्याचे कारण नाही. ध्येय काही जन्माबरोबर कपाळी लिहिलेले नसते. पुष्कळदा ते शोधावे लागते. विख्यात पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचे चरित्र हेच सांगते.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे मामांनी त्यांचा सांभाळ केला. सुमारे दहा वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतात तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! मामांनाही तिचे नाव सांगता येईना. त्यांनी भाच्याला 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' या संस्थेत पाठविले. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी चिमणीची जात तर सांगितलीच, शिवाय संस्थेच्या संग्रहातील पेंढा भरलेले नाना पक्षी त्या मुलाला दाखविले. पक्ष्यांविषयीचे कुतूहल त्याच्या मनात त्या दिवशी रुजले.

परंतु आवड लागली म्हणजे वाट सापडतेच असे नाही. शाळेत त्यांची प्रगती बेताचीच होती. महाविद्यालयात गणिताने त्यांना इतके गांजले की, शिक्षण अर्धवट सोडून १९१४ साली ते ब्रह्मदेशात गेले. तेथे घरच्यांचा खाणीचा व लाकडाचा व्यवसाय होता. रानात हिंडून पक्षी पाहणे झाले, पण व्यवसायात यश आले नाही. मुंबईस परतल्यावर त्यांनी एकीकडे हिशेब व व्यापारी कायदा यांचे शिक्षण घेतले आणि दुसरीकडे फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. पोटाची सोय आणि मनाची ओढ या दोहोंचा त्यांनी विचार केला.

विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात प्रेक्षकांना माहिती सांगण्याची नोकरी मिळाली. पण आपले ज्ञान अपुरे आहे, हे त्यांनी ओळखले. रजा घेऊन ते बर्लिनला गेले व प्राध्यापक स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० साली परत येतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! वय तेहतीस, पदरी संसार आणि हाती काम नाही.

अशा वेळी एखादा खचून गेला असता. सलीम अली मात्र पत्नी तहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले. तेथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. रिकामा वेळ त्यांनी निरीक्षणात घालविला. सुगरण हे नाव बाईचे, पण विणकाम नराचे! नर अर्धे घरटे विणून थांबतो. मादी येऊन ते पारखते. तिने पसंत केले तरच तो ते पुरे करतो आणि मग नव्या घरट्यास हात घालतो. हे सारे त्यांनी बारकाईने टिपून ठेवले. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने त्यांना अभ्यासकांत मान मिळवून दिला.

पुढे वेतन न घेता, केवळ खर्चावर, त्यांनी अनेक संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले. नंतर रिप्ले यांच्यासह त्यांनी दहा खंडांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. १९७६ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मविभूषण' देऊन गौरविले. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

सलीम अलींची वाट सरळ नव्हती. मात्र आपणास काय आवडते, त्यासाठी काय शिकले पाहिजे आणि आज हाती कोणते काम घेता येईल, हे ते प्रत्येक वळणावर पाहत गेले. नुसती आवड हे ध्येय नव्हे. आवडीला अभ्यासाची जोड मिळाली म्हणजे तिचे ध्येय होते.

शब्दार्थ
गांजणे – फार त्रास देणे. पारखणे – गुणदोष तपासून पाहणे. सिद्ध करणे – तयार करणे.

स्वाध्याय
१. मिलार्ड यांच्या भेटीचा सलीम अलींवर कोणता परिणाम झाला?
२. नोकरी असताना ते बर्लिनला का गेले?
३. 'पोटाची सोय आणि मनाची ओढ' याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमची एक आवड सांगून, तिच्यासाठी काय काय शिकावे लागेल ते दहा ओळींत लिहा.