मुन्स्टरचा वास आणि सासूबाई

प्रश्न : आमचा मुलगा फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला असतो. यंदा येताना त्याने तिथलं मुन्स्टर चीज आणलं. डबा उघडला आणि सासूबाई नाकाला पदर लावून गच्चीत गेल्या. मुलगा मात्र पावाला लावून चवीने खात होता. एरवी टोस्टवर, पिझ्झावर चीज आमच्याकडे सगळ्यांना आवडतं. मग याच चीजचं असं का? की पोराची जीभ बिघडली?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जीभ शाबूत आहे. वाद नाकाचा आहे.

मुन्स्टर मुरत असताना त्याची साल वरचेवर मिठाच्या पाण्याने पुसतात. त्या ओल्या, खारट सालीवर ब्रेव्हिबॅक्टेरियम जातीचे जिवाणू फोफावतात. सालीचा नारिंगी रंग बराचसा त्यांचाच, आणि वासही. त्यांचे भाऊबंद माणसाच्या कातडीवर, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत राहतात. त्यामुळे सासूबाईंना मोज्यांची आठवण झाली असेल, तर त्यांच्या नाकाला शंभर गुण! मलेरिया पसरवणाऱ्या आफ्रिकेतल्या डासाच्या मादीलाही पाय आणि चीज यांतला फरक कळत नाही. तिला पायांइतकाच लिम्बुर्गर या मुन्स्टरच्या चुलतभावाचा वास ओढतो, हे दाखवणाऱ्या संशोधकांना २००६ साली इग नोबेल मिळालं.

मग मुलाला तो वास का खुपत नाही? इथे २००५ साली प्रसिद्ध झालेला ऑक्सफर्डचा एक प्रयोग सांगायलाच हवा. आयसोव्हॅलेरिक आम्ल पायाच्या घामातही असतं आणि चीजमध्येही. त्यात चेडरचा किंचित स्वाद मिसळून लोकांना हुंगायला दिलं. समोर कधी ‘चेडर चीज’ अशी अक्षरं दाखवली, कधी ‘अंगाचा वास’. वास तोच, पण चीज म्हटल्यावर तो लोकांना बराच सुखद वाटला. तुमच्या मुलाच्या डोक्यात या वासापुढे जेवणाची पाटी लागली आहे, सासूबाईंच्या डोक्यात न्हाणीघराची. मालवणात चुलीवर सुकट भाजली की कुणाला भूक लागते आणि कुणी खिडक्या उघडतं, तसंच हे.

आणि फ्रेंच माणूस जन्मतःच चीजभक्त असतो, असंही नाही. ल्योंच्या संशोधकांनी ३३२ जणांना विचारलं, तेव्हा शंभरात अकरा-बारा जणांना चीजची चक्क किळस वाटत होती.

टोस्टवरच्या चीजची गोष्ट वेगळी. तयार चीज किसून, त्यात विशिष्ट क्षार घालून, तापवून प्रोसेस्ड चीज बनवतात. त्या उष्णतेत बहुतेक जिवाणू मरतात आणि मुरणं थांबतं. म्हणून अमूलचा क्यूब जानेवारीत आणि जूनमध्ये सारखाच लागतो. पिझ्झावरचं मोझरेला तर फारसं मुरवलेलंच नसतं. म्हणजे तुमच्या घराला आवडतं ते तोंड बंद ठेवणारं चीज. त्यात कमीपणा काही नाही. गरम टोस्टवर मीही तेच घेतो.

डबा अजून फ्रीजमध्ये असेल तर एक करून पाहा. वासाचा सगळा जोर सालीत असतो, आतला मऊ गर बराच सौम्य आणि दुधाळ लागतो. तेव्हा साल कापून टाका. बटाटे सालीसकट उकडून गरम असतानाच फोडा, त्यावर तो गर ठेवा आणि चिमूटभर शहाजिरे भुरभुरा. तुमचा मुलगा राहतो त्या आल्सास प्रांतात मुन्स्टर बटाट्याबरोबर आणि जिऱ्याच्या जातीच्या मसाल्याबरोबरच खातात. सासूबाईंना मात्र साल कापून झाल्यावरच गच्चीतून खाली बोलवा.