अग्निशामक तुषारयंत्रणेचे तपशीलपत्रक : त्यात काय असावे व का असावे

सोनगीर हे गाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात प्रसिद्ध आहे. तांबटाकडे जाणारे गिऱ्हाईक ‘हंडा करून द्या’ एवढेच सांगून परतत नाही. हंडा तांब्याचा की पितळेचा, त्यात पाणी किती मावावे, वजन किती असावे, हे आधी ठरते. म्हणूनच दोन कारागिरांचे भाव शेजारी ठेवून पाहता येतात. निविदेसोबतचे तपशीलपत्रक याच न्यायाने लिहावयाचे असते. ‘वसतिगृहास तुषारयंत्रणा बसवून देणे’ असे मोघम लिहिल्यास एक मक्तेदार पाण्याची टाकी धरून दर देतो, दुसरा ती वगळून देतो आणि वगळणाऱ्याचा दर स्वस्त ठरतो.

विषयाचे महत्त्व

१६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथील एका शाळेत स्वयंपाकघरात लागलेली आग गवती छपरास पोहोचली आणि ९४ बालके दगावली. त्यानंतर १३ एप्रिल २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानून शाळांतील अग्निसुरक्षेविषयी आदेश दिले. ज्या शाळेत रोज चूल अथवा गॅस पेटतो, तिला हा विषय परका नाही.

यंत्रणेची ओळख

शेतातील तुषारसिंचन विद्यार्थ्यांना ठाऊक असते. तेथे झडप उघडताच सर्व तोट्या एकदम उडू लागतात. अग्निशामक यंत्रणेत तसे होत नाही. छतालगतच्या नळांत पाणी दाबाने भरलेले असते व प्रत्येक तोटी काचेच्या लहान कुपीने बंद असते. आगीच्या उष्णतेने कुपी फुटली की तेवढीच तोटी उघडते. इतर बंद राहतात.

नळांचा व्यास व पंपाची शक्ती ठरविणे हे अभियंत्याचे काम होय. परंतु खोलीत मुले किती निजतात, गाद्या कोठे रचल्या जातात, वीज केव्हा जाते, उन्हाळ्यात विहिरीस पाणी किती उरते, हे मुख्याध्यापकासच ठाऊक असते. ही माहिती पत्रकात न आल्यास उत्तम अभियंत्याचा हिशेबही चुकतो.

तपशीलपत्रकातील बाबी

१. इमारत व वापर : मजले, खोल्यांची लांबी, रुंदी व उंची, छताचा प्रकार, राहणाऱ्यांची संख्या, स्वयंपाकघर व कोठीची जागा. सोबत मोजमापांचा नकाशा जोडावा.

२. मानक : ‘सर्व नियमांप्रमाणे’ हे शब्द अपुरे आहेत. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ व तुषारयंत्रणेसाठीचे भारतीय मानक १५१०५ यांचा नावानिशी उल्लेख करावा.

३. पाणी : समजा, अभियंत्याने दर चौरस मीटरास मिनिटाला ५ लिटर पाणी, ७२ चौरस मीटर क्षेत्र आणि ६० मिनिटे असा हिशेब धरला. तर मिनिटाला ३६० लिटर व एकूण २१,६०० लिटर पाणी लागेल. हा साठा आगीसाठीच राखून ठेवावा. पिण्याच्या व वापरण्याच्या पाण्यात तो मोजू नये. टाकी नवी बांधावयाची की जुनी वापरावयाची, हेही लिहावे.

४. तोट्या : संख्या, जागा व उघडण्याचे तापमान लिहावे. लाल कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते, पिवळी ७९ अंशांना. त्या जागेच्या कमाल उष्म्याहून हे तापमान सुमारे ३० अंशांनी अधिक असावे, असा सर्वसाधारण नियम आहे. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पत्र्याखाली उष्मा त्याहूनही वाढतो. तेव्हा नेहमीची लाल कुपी तेथे चालेलच असे गृहीत धरू नये. छताखालचे तापमान भर दुपारी मोजून पत्रकात नोंदवावे.

५. पंप : वीज गेल्यावर पंप कशावर चालेल, याचे स्पष्ट उत्तर हवे.

६. कामाची हद्द : खोदकाम, वीजजोडणी, भिंतीतील भोके बुजविणे व रंगकाम कोणी करावयाचे, हे लिहावे. शाळेच्या वेळेत कोणती कामे बंद राहतील, तेही सांगावे.

७. चाचणी व हस्तांतरण : नळांची दाबचाचणी किती दाबाने व किती वेळ घ्यावयाची, हे आकड्यांत द्यावे. प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा, मराठीतील सूचनापत्रक व कर्मचाऱ्यांस प्रात्यक्षिक हा कामाचाच भाग समजावा.

८. देखभाल : महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये हे काम परवानाधारक अभिकरणाकडून करून घ्यावयाचे असते आणि यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावयाचे असते. देखभालीचा दर निराळ्या रकान्यात मागवावा.

प्रत्येक बाबीचा दर स्वतंत्र मागविला म्हणजे तुलना सोपी होते आणि काय वगळले गेले ते तत्काळ दिसते.

लहान शाळांसाठी

दोन खोल्यांच्या बैठ्या शाळेस तुषारयंत्रणा सहसा लागत नाही. तिला अग्निशामक नळकांडी पुरतात. तरी नियम तोच. ‘नळकांडी दोन’ असे न लिहिता प्रकार, वजन, भारतीय मानक १५६८३ ची खूण, टांगण्याची जागा, पुन्हा भरण्याची मुदत व प्रात्यक्षिक लिहावे. कढईतील पेटलेल्या तेलावर पाणी पडल्यास भडका उडतो. म्हणून स्वयंपाकघराची गरज वेगळी दाखवावी. कोणतेही साधन घेतले तरी बाहेर पडण्याचे दार मोकळे ठेवावेच लागते. कुलूप लावलेल्या दाराची भरपाई कोणतीही यंत्रणा करू शकत नाही.

स्वाध्याय

(१) आपल्या शाळेचा मोजमापांसह नकाशा काढून चूल, गॅस, विजेची पेटी व दारे दाखवा.
(२) ९० चौरस मीटर क्षेत्रास वरील प्रमाणाने ३० मिनिटांसाठी किती पाणी लागेल, हे इयत्ता पाचवीच्या मुलांकडून काढून घ्या.
(३) ‘शाळेस आगीचे साहित्य पुरविणे’ हे वाक्य, दोन दुकानदारांचे दर ताडून पाहता येतील अशा रीतीने पुन्हा लिहा व पुढील शिक्षण परिषदेत वाचून दाखवा.