१०९ वं मिनिट : गौण पात्र नायक कसं होतं?

कथेचा अभ्यास करताना आपण पात्रांची वाटणी करतो: मुख्य पात्र आणि गौण पात्र. अख्ख्या कथेत कोपऱ्यात बसलेलं गौण पात्र शेवटच्या पानावर उठून सगळं फिरवून टाकतं, तेव्हा आपण नाक मुरडतो. लेखकानं ओढूनताणून आणलंय, असं म्हणतो. पण खऱ्या जगात असं घडलं तर? तिथे ओढूनताणून आणणारा लेखक नसतो. म्हणून या वेळच्या अभ्यासलेखासाठी मी कथा न घेता फुटबॉलचा एक सामना घेतला आहे.

१० जुलै २०१६. पॅरिसजवळचं स्टाड द फ्रान्स मैदान, युरो चषकाचा अंतिम सामना, यजमान फ्रान्स विरुद्ध पोर्तुगाल. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. मी शाळेत होते, तरी आमच्या वाड्यात त्या रात्री कुणी लवकर झोपलं नाही. गोव्यात पोर्तुगालचा सामना म्हणजे अर्धी माणसं बाजूनं, अर्धी विरुद्ध, पण जागी सगळीच!

या कथेचा नायक आधीच ठरलेला होता: ख्रिस्तियानो रोनाल्डो. आठव्या मिनिटाला तो जखमी झाला आणि पंचविसाव्या मिनिटाला त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. नायकच गेला, आता कथा संपली, असं बघणाऱ्यांना वाटलं. गोलफलक मात्र ०-० वरच राहिला. ७९ व्या मिनिटाला प्रशिक्षक फर्नांडो सांतोस यांनी तरुण रेनातो सांचेसला बाहेर बोलावलं आणि नऊ नंबरची जर्सी घातलेल्या एडेरला आत पाठवलं. जादा वेळेत, १०९ व्या मिनिटाला, एडेरनं कोशिएल्नीला अंगावर झेलत चेंडू सांभाळला, आतल्या बाजूला वळला आणि लांबूनच उजव्या पायानं सरपटता फटका मारला. गोलरक्षक लोरिस झेपावला, पण चेंडू जाळ्यात गेला होता. १-०. पोर्तुगालला इतिहासातलं पहिलं मोठं विजेतेपद मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून ही गोष्ट परीकथेसारखी सांगितली जाऊ लागली: कुणी विचारत नव्हतं तो, आणि बघा, एका फटक्यात हिरो! माझा मुद्दा असा की, ही मांडणी ऐकायला गोड असली तरी वाचन म्हणून कच्ची आहे. ‘अनपेक्षित’ हा शब्द एडेरबद्दल कमी सांगतो. त्याच्याकडे न बघणाऱ्यांबद्दल जास्त सांगतो.

आधी पूर्वकथा पाहू. एडेरचा जन्म १९८७ साली गिनी-बिसाऊची राजधानी बिसाऊ इथे झाला. लहानपणीच तो पोर्तुगालला आला आणि कोइंब्रा भागातल्या एका बालगृहात वाढला. छोट्या क्लबांमधून वर येत आधी अकादेमिका, मग ब्रागा, असा त्याचा प्रवास झाला. २०१२ मध्ये तो राष्ट्रीय संघात आला, पण देशासाठी पहिला गोल करायला २०१५ साल उजाडलं. त्याच वर्षी तो स्वान्सीला गेला आणि इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये त्याला एकही गोल करता आला नाही. युरोसाठी त्याची निवड झाली तेव्हा पोर्तुगालमध्येच अनेकांनी त्याची टर उडवली. अंतिम सामन्याआधी त्या स्पर्धेत तो फक्त दोनदा, तेही शेवटची काही मिनिटं, मैदानावर उतरला होता.

पण या यादीच्या मधल्या ओळी वाचा. जानेवारी २०१६ नंतर तो फ्रान्सच्या लील क्लबकडून खेळत होता आणि तिथे गोल करत होता. मन खंबीर व्हावं म्हणून सुझाना टोरेस या मार्गदर्शिकेबरोबर त्याचं काम चालू होतं. तो धिप्पाड होता, पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू राखणं त्याला जमत होतं. रोनाल्डो गेल्यावर पोर्तुगालला पुढे नेमका असाच माणूस हवा होता. सांतोस यांनी चमत्कारावर भरवसा ठेवला असं म्हणण्यापेक्षा, रिकाम्या जागेत बसणारा माणूस शोधला, हे जास्त खरं. कथेच्या भाषेत बोलायचं तर बीज आधीच पेरलेलं होतं; आपण ती पानं भराभर उलटली.

मग योगायोग नव्हताच का? होता. निर्धारित वेळ संपल्यावरच्या भरपाईच्या मिनिटांत फ्रान्सच्या जिन्याकचा फटका खांबाला लागून परतला. तो आत गेला असता तर आज एडेरचं नाव कुणी घेतलं नसतं. गोलच्या थोडंच आधी चेंडू एडेरच्या हाताला लागला होता, पण पंचांनी दोष दिला कोशिएल्नीला. त्या फ्री किकवर गेरेरोचा फटका आडव्या दांडीवर आपटला. म्हणजे दैव दोन्ही बाजूंना शिवून गेलं. चांगला कथाकार योगायोग लपवत नाही आणि सगळं श्रेयही त्याला देत नाही.

आता परीकथा जिथे थांबते त्याच्या पुढचं पान. मे २०१८ मध्ये एडेर मॉस्कोच्या लोकोमोटिव्ह क्लबकडून खेळत होता. झेनितविरुद्ध ८७ व्या मिनिटाला त्यानं सामन्यातला एकमेव गोल केला आणि लोकोमोटिव्हला रशियाचं लीग विजेतेपद मिळालं. पुन्हा तोच शेवटच्या पानावरचा माणूस! आणि त्याच उन्हाळ्यात, त्याच रशियात भरलेल्या विश्वचषकासाठी पोर्तुगालच्या २३ जणांत त्याचं नाव नव्हतं.

मला या कथेतली ही जागा सगळ्यात बोचते. एकदा नायक झाल्यानं माणूस कायमचा दिसू लागतो, असं नाही. टाळ्या वाजवून आपण मोकळे होतो आणि नजर परत ओळखीच्या चेहऱ्यांकडे वळते. आपल्या कथांतसुद्धा आपण हेच करतो: मोलकरीण, शिपाई, बदली शिक्षक यांना एका प्रसंगापुरतं मोठं करतो आणि पुढच्या परिच्छेदात विसरतो. गौण पात्राला न्याय द्यायचा तर त्याला फक्त शेवटचा गोल देऊन भागत नाही. बाकावर बसून काढलेली त्याची मिनिटंही लिहावी लागतात.

मंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी एक छोटा स्वाध्याय सुचवते. तुमच्या आवडत्या मराठी कथेतलं, ज्याच्या वाट्याला चार-पाचच वाक्यं आली आहेत असं एक पात्र निवडा. लेखकानं त्याच्याबद्दल काय काय आधीच सांगून ठेवलंय आणि आपण ते कुठे वगळलं, याची नोंद करा. मग त्याच्या बाजूनं दहा ओळी लिहा. अट एकच : शेवटी त्याला जिंकवायचं नाही.