आश्रयगृहातील श्वान आणि श्रावकाचे घर

जीवदयेच्या कार्यासाठी कोणी देणगी मागावयास आले, तर आपल्या पेठेतील व्यापारी त्यास सहसा विन्मुख पाठवीत नाही. बेळगाव असो वा निपाणी, चाऱ्यासाठी, आजारी जनावरांच्या औषधासाठी पावती फाडली जाते. परंतु त्याच आश्रयगृहातील एखादे कुत्रे आपल्या घरी आणावे काय, असा विषय निघाला की निराळाच सूर लागतो. सोवळ्याचे काय, मुनिमहाराजांच्या आहाराचा चौका लागेल त्या दिवशी काय, आणि मुख्य म्हणजे त्यास खावयास काय घालावयाचे? हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार करावयाचे आम्ही योजिले आहे.

पांजरपोळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गाई-बैल उभे राहतात. मुंबईच्या पांजरपोळाचे मूळ मात्र कुत्र्यांच्या प्रकरणात आहे. बेवारशी कुत्री मारण्याचा हुकूम तेथील इंग्रजी अंमलात होता व मारणारास दर कुत्र्यामागे इनाम मिळे. जून १८३२ मध्ये याविरुद्ध पारशी मंडळींनी कोटात मोठा दंगा केला, दुकाने बंद पडली, आणि हिंदू व जैन व्यापाऱ्यांचीही त्यांस साथ मिळाली. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि आपल्यापैकी शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने पांजरपोळ स्थापन झाला. त्याच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लागा बसवून घेतला. (या दोघाही शेठजींच्या संपत्तीत चीनच्या अफूचा वाटा होता, हेही इतिहासात नमूद आहे, दानाचा हिशेब लिहिताना जमेची बाजू कोठून आली हे पाहण्याची सवय आपणांस असावी.)

पांजरपोळाने जीव वाचतो, यात शंका नाही. तथापि कुत्रा आणि बैल यांत एक भेद आहे. कुत्रा हजारो वर्षे मनुष्याच्या सोबतीने राहिलेला प्राणी आहे. त्यास चाऱ्याइतकीच, किंबहुना अधिक, ओळखीच्या माणसाची गरज असते. शिवाय शंभर कुत्री एका आवारात ठेवली की पार्व्हो, डिस्टेंपर यांसारखे रोग एकाचे दुसऱ्यास होतात. म्हणून चांगले आश्रयगृह ते, जेथून कुत्री बरी होऊन घराघरांत जातात.

आपल्या पुराणात याचा दाखला आहे. वादीभसिंह आचार्यांच्या क्षत्रचूडामणीत जीवंधरकुमाराची कथा येते. यज्ञाचे अन्न विटाळले म्हणून लोकांनी एका कुत्र्यास मरणप्राय मारले. जीवंधराने त्याच्याजवळ बसून त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला, आणि ते कुत्रे मरून सुदर्शन नावाचा यक्ष झाले. राजपुत्राने सेवकाकरवी काही द्रव्य धाडले, असे कथेत नाही.

आता कुत्रे पाळावे कसे? यासाठी नवे शास्त्र शोधावयास नको. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बंध म्हणजे बांधून ठेवणे. वखारीच्या दाराशी दिवसरात्र साखळीस जखडलेले कुत्रे आपल्या बाजारात सर्वांनी पाहिले आहे. राखणीचे म्हणून त्याचे कौतुकही होते. परंतु तो उघड बंध आहे. सरकारी कायदाही येथे सूत्राशी जुळतो: १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात, नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसे हिंडवून न आणणारा धनी गुन्हेगार ठरतो. पहिल्या गुन्ह्यास दंड फक्त १० ते ५० रुपये ठेवला आहे, हा भाग निराळा.

वध म्हणजे येथे मारझोड; त्याविषयी लिहावयास नको. छेदाविषयी मात्र मतभेद संभवतो. शोभेसाठी कुत्र्याचे कान वा शेपूट कापणे हा निःसंशय छेद होय. पण निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया? काही सभासद बंधूंस तीही खटकते. आमचे मत असे की, कुत्री साधारण दोन महिन्यांत विते, वर्षातून दोन वेळाही विते, आणि रस्त्यावरील पिलांपैकी पुष्कळशी मोठी होण्यापूर्वीच वाहनाखाली वा रोगाने मरतात. हे डोळ्यांनी पाहत असता शस्त्रक्रिया नाकारणे म्हणजे हिंसा दुसऱ्याच्या दारी लोटणे होय. आश्रयगृहातून कुत्रे आणताना ती झाली आहे की नाही, हे प्रथम विचारावे.

अन्नाचा प्रश्न सर्वांत अवघड वाटतो, पण तो सुटण्यासारखा आहे. मांजरास मांसाहारावाचून चालणे कठीण; कुत्र्याचे तसे नाही. मनुष्याच्या सहवासात त्यास पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ती आली आहे, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तरीपण नुसती दूधभाकरी हा पूर्ण आहार नव्हे. पुष्कळ प्रौढ कुत्र्यांस दूध पचतही नाही. तांदूळ, मऊ शिजविलेली डाळ, दही, पनीर, भोपळा हे चालते. मात्र प्रथिने, चुना आणि ब-१२ जीवनसत्त्व यांचे मान पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. तयार शाकाहारी खाद्यही मिळते. पिले, गाभण वा रोगट कुत्री यांच्या बाबतीत घरचा प्रयोग करूच नये. कांदा-लसूण त्यास बाधतो, पण तो धोका आपल्या घरी मुळातच नाही. बेदाण्यांची गोष्ट वेगळी. ते घरोघरी असतात, मुले प्रेमाने खाऊ घालतात, आणि त्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. चॉकलेटही विषासमान. दोन वेळचे जेवण त्यास पुरते, आणि दुसरे सूर्यास्तापूर्वी दिल्यास काहीच बिघडत नाही.

सोवळ्याविषयी वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये. कुत्र्यास पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबावयास शिकविता येते. चौका असेल त्या दिवशी त्यास नात्यातल्या वा मित्राच्या घरी ठेवावे.

निवडीसंबंधी एवढेच की, जे प्रौढ कुत्रे आपल्या गल्लीत सुखाने नांदत आहे त्यास चार भिंतींत कोंडणे ही नेहमीच दया नव्हे. टाकून दिलेली पाळीव कुत्री, पोरकी पिले, अपघातातून बरी झालेली कुत्री, यांस घराची खरी गरज असते. मुधोळचे कुत्रे आपल्या भागाचे भूषण खरे, पण ते धावणारे जनावर. तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात ते कष्टी होते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्राणिप्रेमी नागरिकांस रस्त्यावरील कुत्री दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली, आणि असे कुत्रे पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली.

आणल्यावर दोन आठवडे घरातील इतर जनावरांपासून वेगळे ठेवावे, जंतांचे औषध व रेबीजची लस यांची नोंद वहीत करावी, आणि ती लस पशुवैद्य सांगेल त्या मुदतीस पुन्हा टोचवावी. चावा वा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुन्यावर विसंबू नये. प्रारंभी कुत्रे कोपऱ्यात दडून बसेल, जेवणारही नाही. त्यास बोलावीत राहू नये.

राहता राहिला यात्रेचा प्रश्न. सर्व मंडळी शिखरजीस वा श्रवणबेळगोळास निघतात, तेव्हा कुत्रे ओसरीवर बांधून शेजाऱ्यास भाकरी टाकावयास सांगण्याची चाल आहे. बंध आणि अन्नपाननिरोध दोन्ही त्यात आले. त्याची ओळख असलेला, दोन वेळ हिंडविणारा मनुष्य आधी ठरवावा. तो ठरत नसेल, तर कुत्रे यात्रेहून परतल्यावर आणावे.